सर्वांत तेजस्वी प्रथिन कोणते? एका तक्त्याची झाडाझडती

जिवंत पेशीच्या आत काय चालले आहे ते पाहण्यासाठी आज जगभरच्या प्रयोगशाळांत प्रतिदीप्त प्रथिने वापरली जातात. निळा किंवा हिरवा प्रकाश टाकला की ही प्रथिने आपल्या ठरावीक रंगात उजळतात. हव्या त्या प्रथिनाला असा दिवा जनुकाच्या पातळीवरच जोडून दिला, की ते प्रथिन पेशीत कोठे जाते, केव्हा तयार होते आणि केव्हा नाहीसे होते हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागते.

असे दिवे आता शेकड्यांनी उपलब्ध आहेत. नवे प्रथिन जाहीर झाले की त्याच्या शोधनिबंधात एक तक्ता हमखास येतो. नव्या प्रथिनाची ओळ जुन्यांच्या शेजारी मांडलेली असते आणि 'तेजस्विता' या रकान्यात नव्याचा आकडा बहुधा मोठा असतो. हा तक्ता पुढे विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत, व्याख्यानांत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरतो. उतरता उतरता त्यातील तळटीपा गळून पडतात, बाकीचे रकाने गळतात आणि शेवटी एकच वाक्य उरते: अमुक प्रथिन सर्वांत तेजस्वी.

आमचा आक्षेप या वाक्याला आहे. आमच्या मते तेजस्विता हा एकट्या प्रथिनाचा गुण नाही. प्रथिन, ते ज्या पेशीत आहे ती पेशी आणि ज्यातून आपण पाहतो तो सूक्ष्मदर्शक, या तिघांच्या संबंधातून ती ठरते. एका रकान्यावरून लावलेला क्रम पेशीत जाताच उलटू शकतो, आणि तो उलटल्याचे लक्षात आले नाही तर पेशीविषयी काढलेला निष्कर्षच चुकतो.

दिवा कसा पेटतो?

या कुळातील आद्य प्रथिन म्हणजे जीएफपी, अर्थात हिरवे प्रतिदीप्त प्रथिन. ओसामू शिमोमुरा आणि त्यांचे सहकारी 'एक्वोरिया व्हिक्टोरिया' या जेलीफिशमधील एक्वोरिन हे प्रकाश देणारे प्रथिन शुद्ध करीत होते. त्या कामाचे वर्णन त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले, त्यातच या हिरव्या प्रथिनाची नोंद आहे. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक वेगळे केले. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांच्या गटाने ते जनुक जिवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून तेथे हिरवा उजेड पाडला. रॉजर त्सिएन यांनी प्रथिनात फेरफार करून त्याचे रंग आणि गुण बदलून दाखवले. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीएफपी ही २३८ अमिनो आम्लांची साखळी आहे. तिच्या ११ पट्ट्या मिळून एक पिंप तयार होते. पिंपाच्या मधोमध ६५, ६६ आणि ६७ व्या जागेवरची सेरीन, टायरोसीन आणि ग्लायसीन ही तीन अमिनो आम्ले आपापसांत जोडली जाऊन वर्णकेंद्र बनते. प्रकाश शोषणे आणि परत सोडणे हे काम त्याचे. ते तयार होण्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि वेळही लागतो. प्रथिन जन्मताच उजळत नाही, ते 'पिकावे' लागते.

वर्णकेंद्रातील टायरोसीनवर एक हायड्रोजन असतो. तो धरून ठेवलेला असेल तर मूळ जीएफपी ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते, सोडलेला असेल तर ४७५ च्या आसपासचा. हे नवे वाटेल, पण याच जातीचा बदल आपल्या ओळखीचा आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कारण अल्कलीमध्ये हळदीतील कर्क्युमिनचा रेणू हायड्रोजन सोडतो आणि तो शोषत असलेला प्रकाश बदलतो. १९९५ मध्ये त्सिएन यांच्या गटाने ६५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन बसवले. त्यामुळे शोषणाचे एकच ठळक शिखर ४८८ च्या आसपास आले. ६४ व्या जागीही बदल होऊन पुढे ईजीएफपी हे सर्वत्र वापरले जाणारे प्रथिन मिळाले. बहुतेक तुलना आजही त्याच्याशीच होते.

रकान्यातला आकडा

तक्त्यातील तेजस्विता हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो. पहिला मोलर शोषणांक. शोषणाच्या शिखरावर प्रथिन प्रकाश किती जोमाने शोषते ते यावरून कळते. दुसरा क्वांटम यील्ड. शोषलेल्या १०० प्रकाशकणांपैकी ६० प्रतिदीप्ती म्हणून बाहेर पडले, तर क्वांटम यील्ड ०.६०. गुणाकाराला सोयीसाठी १००० ने भागतात. नेहमी उद्धृत होणारे काही आकडे असे आहेत:

ईजीएफपी (हिरवे): ५६,००० × ०.६० = ३४
एमटर्क्वाइज-२ (निळसर): ३०,००० × ०.९३ = २८
एमनिऑनग्रीन (हिरवे): १,१६,००० × ०.८० = ९३
एमऑरेंज (नारिंगी): ७१,००० × ०.६९ = ४९
टीडीटोमॅटो (नारिंगी-लाल): १,३८,००० × ०.६९ = ९५
एमस्कार्लेट (लाल): १,००,००० × ०.७० = ७०
एमचेरी (लाल): ७२,००० × ०.२२ = १६

यातून काही गोष्टी खरोखरच शिकता येतात. २०१२ मध्ये आलेले एमटर्क्वाइज-२ शोषलेल्या १०० प्रकाशकणांपैकी ९३ परत देते, तरी गुणाकारात ते ईजीएफपीच्या मागे आहे, कारण मुळात ते शोषतेच कमी. काटकसरी असणे आणि श्रीमंत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे गुणाकारामुळे कळते. इथपर्यंत आमची तक्रार नाही.

तक्रार यादीतल्या पहिल्या क्रमांकापासून सुरू होते. टीडीटोमॅटो म्हणजे एकापुढे एक जोडलेली दोन प्रथिने. ९५ हा आकडा दोन वर्णकेंद्रांचा आहे, बाकीच्यांचा एकेकाचा. एका वर्णकेंद्रामागे हिशेब केला तर तो निम्म्यावर येतो. शिवाय ज्या प्रथिनाला हा दिवा जोडायचा त्याला दुप्पट ओझे वाहावे लागते. बैलजोडीची ओढ एका बैलाच्या शेजारी लिहिण्यासारखेच हे झाले. तळटीप वाचणाऱ्याला ते कळते, क्रम पाठ करणाऱ्याला कळत नाही.

आकडा मोजला कसा?

मोलर शोषणांक काढायचा तर द्रावणात किती रेणू आहेत हे माहीत हवे. पण कोणते रेणू मोजायचे, सगळे की पिकलेलेच? समजा, १०० रेणूंपैकी ७० मध्येच वर्णकेंद्र तयार झाले आहे. सगळे प्रथिन मोजून भागाकार केला तर शोषणांक खऱ्याच्या ७० टक्के येईल. म्हणून दुसरी एक पद्धत वापरतात. तीव्र अल्कलीमध्ये प्रथिनाचे पिंप उलगडते आणि जीएफपीचे उघडे वर्णकेंद्र ४४७ नॅनोमीटरला ४४,००० या ठाऊक असलेल्या शोषणांकाने प्रकाश शोषते. त्यावरून फक्त पिकलेले रेणू मोजता येतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत, मात्र त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. एका ओळीत एक आणि दुसऱ्या ओळीत दुसरी पद्धत असेल, तर त्या ओळींची तुलना करण्यात अर्थ नाही.

क्वांटम यील्डही बहुधा फ्लुओरेसीनसारख्या एखाद्या प्रमाण द्रव्याशी तुलना करूनच ठरवतात. प्रमाणाचा आकडा वेगळा धरला की उत्तर वेगळे येते. वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या हातांनी काढलेले आकडे एका रकान्यात आले, तर किमान पद्धत तरी शेजारी छापलेली असावी.

सूक्ष्मदर्शक आपला वाटा उचलतो

तक्त्यातील शोषणांक शिखरावरचा असतो. सूक्ष्मदर्शकाचा लेसर मात्र शिखर पाहून जागा बदलत नाही. ४८८ नॅनोमीटरचा लेसर पुष्कळ ठिकाणी असतो. ईजीएफपीचे शिखर नेमके तेथे आहे. एमनिऑनग्रीनचे शिखर ५०६ ला आहे, म्हणजे या लेसरने ते उतारावरच उजळवले जाते. तक्त्यातील जवळपास पावणेतीनपट अंतर त्यामुळे कमी होते. लाल प्रथिनांत उलट घडते. ५६१ चा लेसर एमस्कार्लेटच्या ५६९ च्या शिखराजवळ पडतो, तर एमचेरीच्या ५८७ च्या शिखरापासून लांब. तेथे तक्त्यातील अंतर आणखी वाढते. एकाच तक्त्यातले एक अंतर आटते आणि दुसरे फुगते. त्यात नवा लेसर बसवणे ही लाखांची गोष्ट असल्यामुळे बहुतेकांना आहे त्याच उपकरणावर भागवावे लागते.

शिवाय पाहणाऱ्याला तेजापेक्षा उठाव हवा असतो. पेशीतील काही नैसर्गिक द्रव्ये स्वतःच मंद हिरवट उजेड देतात. त्या पार्श्वभूमीवर हिरवा ठिपका शोधणे म्हणजे दिवसा काजवा शोधणे. लाल भागात ही पार्श्वभूमी कमी असते, आणि लाल प्रकाश ऊतींतून अधिक खोलवर जातो. अंधारात तळहाताखाली टॉर्च धरली तर हात लाल दिसतो तो याच कारणाने. १६ गुणांचे एमचेरी २००४ पासून प्रयोगशाळांत टिकून आहे, त्यामागचे हे एक कारण आहे.

पेशी म्हणजे काचेची नळी नव्हे

सर्वांत गंभीर आक्षेप इथे आहे. तक्त्यातील आकडे शुद्ध केलेल्या प्रथिनाचे असतात, ठरावीक सामूच्या द्रावणातले. पेशीत सामू जागोजागी बदलतो. ज्या सामूला निम्मे रेणू हायड्रोजन धरून आणि निम्मे सोडून असतात, त्याला आपण अर्धबिंदू म्हणू. ईजीएफपीचा अर्धबिंदू सुमारे ६.०, तर ईवायएफपी या पिवळ्या प्रथिनाचा सुमारे ६.९. आता साधे गणित करून पाहू. सामू ७.४ असताना ईवायएफपीचे सुमारे ७६ टक्के रेणू उजळण्याच्या स्थितीत असतात. सामू ६.४ झाला की २४ टक्के उरतात. ईजीएफपीचे हेच आकडे ९६ आणि ७२ येतात. एमचेरीचा अर्धबिंदू ४.५ च्याही खाली असल्यामुळे त्याच्यात फरक जाणवतच नाही.

पेशी बाहेरून जे पदार्थ आत घेते ते ज्या पिशव्यांत जातात, त्या एंडोसोममध्ये सामू साधारण एवढाच खाली असतो. समजा, ईवायएफपीचा दिवा जोडलेले एखादे प्रथिन पृष्ठभागावरून आत शिरले. रेणू तेवढेच आहेत, पण उजेड तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी झाला. पाहणारा लिहून ठेवतो, 'प्रथिन नष्ट झाले.' ते नष्ट झालेले नाही, फक्त आंबट जागी गेले आहे. हे वेडेवाकडे घडू शकणारे उदाहरण नव्हे. क्लोराइडमुळेही ईवायएफपी मंदावते. या दोन्ही खोडी कमी करण्यासाठीच २००१ मध्ये सिट्रीन हे सुधारित पिवळे प्रथिन तयार करण्यात आले.

दुसरी गोष्ट पिकण्याची. जिवाणू दर ३० मिनिटांनी दुप्पट होत आहेत असे समजा. ज्या प्रथिनाचे निम्मे रेणू पिकायला ३० मिनिटे लागतात, त्याचे वाढत्या जिवाणूत कोणत्याही क्षणी निम्मेच रेणू उजळलेले असतील. ९० मिनिटे लागणाऱ्याचे फक्त पाव. बाकीचे पिकण्याआधीच वाढत्या पेशींत वाटले जाऊन विरळ होतात. एमस्कार्लेट प्रसिद्ध करणाऱ्या गटाने म्हणूनच त्याचा एक भाऊही दिला, एमस्कार्लेट-आय. त्याचा क्वांटम यील्ड ०.७० वरून ०.५४ वर उतरला, पण पिकण्याचा काळ सुमारे तीन तासांवरून ३६ मिनिटांवर आला. तक्त्यात हा भाऊ मागे आहे. लवकर वाढणाऱ्या पेशीत तोच पुढे जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट संगतीची. १९९९ मध्ये डिस्कोसोमा या प्रवाळवर्गीय प्राण्यापासून डीएसरेड हे लाल प्रथिन मिळाले. गुणाकार ५९, म्हणजे दिसायला भक्कम. पण ते नेहमी चौकडीने राहते. ज्याला जोडावे त्यालाही ओढून चौघांत बसवते, त्यामुळे पेशीत गुठळ्या होऊ शकतात. गुठळी पाहून 'हे प्रथिन येथे एकवटते' असे म्हणावे, तर एकवटणारा दिवाच निघायचा! २००२ मध्ये त्सिएन यांच्या गटाने ३३ बदल करून ही चौकडी मोडली आणि एकटे राहणारे एमआरएफपी-१ बनवले. नावातला 'एम' या एकटेपणाचाच. त्याचा गुणाकार केवळ १२.५ भरला, डीएसरेडच्या पाव हिश्श्याहूनही कमी. तरी तेच पुढच्या लाल प्रथिनांचे मूळ ठरले, एमचेरी त्यातूनच आले. तेजस्वितेचा रकाना हीच अंतिम कसोटी असती तर ते टाकूनच द्यायला हवे होते.

उजेड किती वेळ टिकतो?

प्रकाशात धरून ठेवले की ही प्रथिने फिकी पडतात, उन्हात वाळत घातलेल्या रंगीत कापडासारखी. २००५ मध्ये त्सिएन यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या निवड-मार्गदर्शिकेत याचे मोजमाप आहे. प्रत्येक रेणू सुरुवातीला सेकंदाला १००० प्रकाशकण देईल इतका प्रकाश टाकून, उजेड निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते पाहिले. ईजीएफपीला १७४ सेकंद लागले, एमचेरीला ९६ आणि एमऑरेंजला अवघे ९. तक्त्यात एमऑरेंज एमचेरीच्या तिप्पट तेजस्वी आहे, पण विझेपर्यंत एकूण जे प्रकाशकण देते ते साधारण दहापटीने कमी. एकच छायाचित्र घ्यायचे असेल तर एमऑरेंज चालेल. तासभर पेशीचे विभाजन चित्रित करायचे असेल तर ते आरंभीच मावळेल.

२०२२ मध्ये जपानमधील अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने स्टेगोल्ड हे जेलीफिशपासूनचे प्रथिन जाहीर केले. तोपर्यंतच्या प्रथिनांपेक्षा ते दहापटीहून अधिक टिकाऊ असल्याचे त्यांनी दाखवले. पण ते जोडीने राहत होते. एकटी राहणारी रूपे नंतर, २०२३-२४ मध्ये, वेगवेगळ्या गटांनी तयार केली. एवढ्या गुणी प्रथिनालाही एक रकाना जिंकून भागले नाही, हे ध्यानात घ्यावे.

मग तक्ते नकोत काय?

तसे आमचे म्हणणे नाही. २००५ च्या त्या मार्गदर्शिकेतच टिकाऊपणा, सामूची सोस आणि संगत यांचे रकाने होते. २०१६ मध्ये चाळीसहून अधिक प्रथिने एकाच मोजमाप-पद्धतीखाली आणून तपासण्यात आली. २०१८ मध्ये पन्नास प्रथिनांचा पिकण्याचा काळ जिवंत जिवाणूंत मोजला गेला. २०१९ मध्ये वर्णन प्रसिद्ध झालेल्या 'एफपीबेस' या खुल्या माहितीसंग्रहात वर्णपटासह हे सर्व शोधता येते, आणि आपला लेसर व गाळणी निवडून प्रत्यक्ष किती उजेड मिळेल याचा अंदाजही घेता येतो. मोजणाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे. त्यातून एकच रकाना उचलणाऱ्यांनी ते वाया घालवले.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. तुलनेचा तक्ता छापताना शोषणांक कोणत्या पद्धतीने काढला ते लिहावे. सामू, तापमान आणि प्रकाशाची तीव्रता द्यावी. शुद्ध प्रथिनाच्या आकड्याशेजारी जिवंत पेशीतले एक तरी मोजमाप असावे. आणि क्रमांक लावण्याचा मोह आवरावा. एका टक्केवारीत मूल मावत नाही, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

वर्गात हे दाखवता येईल. दोन काचेच्या पेल्यांत चिमूटभर हळद घ्या. एकात पाणी घालून ढवळा आणि गाळून घ्या, दुसऱ्यात स्पिरिट घालून तसेच करा. स्पिरिट ज्योतीपासून लांब ठेवा. खोलीत अंधार करून नोटा तपासायच्या जंबुपार दिव्याखाली दोन्ही पेले धरा. दिव्याकडे थेट पाहू देऊ नका. स्पिरिटमधली हळद हिरवट-पिवळी झळकेल, पाण्यातली जवळजवळ नाही. पाण्यात हळद फारशी विरघळत नाही हे एक कारण. पण विरघळलेले कर्क्युमिनही पाण्यात फारच क्षीण उजळते, हे दुसरे. जीएफपीचे वर्णकेंद्र पिंपातून बाहेर काढून पाण्यात टाकले तर तेही असेच विझते. मग विद्यार्थ्यांना विचारा, 'हळदीची तेजस्विता किती?' बहुतेक जण स्पिरिटचा पेला दाखवतील. एखादी मुलगी जर म्हणाली, 'कशात विरघळवलेल्या हळदीची, आणि कोणत्या दिव्याखाली?', तर तिला तक्ता वाचता येऊ लागला असे समजावे.